गादीचा फुगवटा आणि पायातून कमरेकडे परतणारी कळ

एमआरआयच्या अहवालात ‘एल ४-एल ५ डिस्क बल्ज’, म्हणजे कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधल्या गादीला फुगवटा, असे शब्द आले की घरच्यांच्या मनात पहिला विचार शस्त्रक्रियेचा येतो, आणि माझ्याही घरी तसेच झाले. वास्तविक एवढे धास्तावण्याचे कारण नसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांतही विशीच्या वयात सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या वयात सुमारे ८४ टक्के जणांच्या मणक्यांमधल्या गादीला असा फुगवटा आढळतो. म्हणूनच दुखणे नेमके कुठवर जाते, कशाने वाढते आणि कशाने उतरते, ही विचारपूस अहवालाइतकीच महत्त्वाची असते.

माझी कळ उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जात असे आणि खुर्चीत बसले की पायाला मुंग्या येत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पालथे झोपवले, मग कोपरांवर रेलायला सांगितले, आणि थोड्या वेळाने तळहात टेकून छाती उचलायला लावली. कमरेचा भार मात्र पूर्णपणे सतरंजीवर सोडायचा होता. प्रत्येक वेळी खाली आल्यावर त्या एवढेच विचारत, “आता कुठे दुखतंय?” पोटरीतली कळ हळूहळू मांडीत आली आणि पुढे काही आठवड्यांनी फक्त कमरेत उरली. त्या काळात कंबर आधीपेक्षा जास्त दुखत होती, तरीही त्यांना समाधान वाटले, कारण दुखणे पायातून वर सरकून कण्याजवळ गोळा होणे हे सुधारणेचे लक्षण मानले जाते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या वेलिंग्टनमधील दवाखान्यात १९५६ साली एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायाचे दुखणे थांबले. त्या निरीक्षणातून ही पद्धत आकाराला आली.

हा व्यायाम सरसकट सर्वांना चालत नाही. मागे वाकल्यावर ज्यांची कळ पायात आणखी खाली उतरते, त्यांनी तो तिथेच थांबवावा. यासाठीच पहिले काही दिवस जाणत्या माणसाच्या नजरेखाली तो करणे मला आवश्यक वाटते.

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक, ट्रॅक्शन (कण्याला ताण देणे) आणि विजेच्या यंत्राखाली पडून राहणे, असा समज आहे, आणि तो मला मनापासून खटकतो. यंत्राने तात्पुरता आराम मिळू शकतो. परंतु पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट करणे, रोज चालणे आणि हळूहळू नेहमीच्या कामांकडे वळणे हा उपचाराचा गाभा आहे. दिवसचे दिवस अंथरुणात काढल्याने स्नायू उलट अशक्त होतात.

काही लक्षणांत मात्र व्यायामाची वाट पाहू नये. लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, असे झाल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. पाऊल घोट्यातून उचलता येईनासे झाले तरीही डॉक्टरांना लगेच दाखवावे.

रोजच्या सवयींपैकी मला सर्वांत उपयोगी पडली ती सकाळची. रात्रभर आडवे राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्याबरोबर पुढे वाकल्यास त्यांच्यावर अधिक ताण येतो. मी आता कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठतो, आणि वाकून करायची कामे तासाभराने हाती घेतो.