तेरा संघांचा खेळाडू

रविवार, रात्र

गेले काही आठवडे कामे आटोपली की मी इश स्मिथ या बास्केटबॉलपटूचे जुने सामने पाहत असते, आणि त्याच्याविषयी मनात साठलेले आज एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये तेरा वेगवेगळ्या संघांकडून खेळलेला तो पहिला खेळाडू आहे. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये तो डेन्व्हर नगेट्सच्या पोशाखात मैदानात उतरला तेव्हा हा विक्रम झाला. त्याआधी चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसनबर्ग आणि जो स्मिथ हे चौघे प्रत्येकी बारा संघांवर थांबले होते. अशा विक्रमाकडे पाहण्याची एक ठरलेली नजर आहे: बिचाऱ्याला कुणी ठेवून घेतले नाही. मला ही नजर अपुरी वाटते, कारण ज्याला इतक्यांनी सोडले त्याला तितक्यांनीच बोलावलेही होते, आणि सोडून दिलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा का बोलावले जाते हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

त्याचा जन्म 1988 सालचा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरातला. उंची सहा फूट, म्हणजे आपल्याकडे चांगली आणि एनबीएमध्ये कमी. वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून तो चार वर्षे खेळला आणि त्या विद्यापीठाच्या असिस्टच्या, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासच्या, यादीत मग्सी बोग्स या खेळाडूच्या खालोखाल पोहोचला. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, दोन फेऱ्या मिळून साठ खेळाडू निवडले गेले, त्यांत त्याचे नाव नव्हते. ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला सराव शिबिरात घेऊन पाहिले आणि ठेवून घेतले. पहिला हंगाम संपण्याआधीच, 2011 च्या फेब्रुवारीत, त्याला मेम्फिसच्या संघाकडे पाठवण्यात आले, आणि तिथून पुढे गोल्डन स्टेट, ओरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स असा प्रवास सुरू झाला.

या प्रवासाचा सर्वांत दमवणारा टप्पा 2014 च्या शरद ऋतूपासून 2015 च्या नाताळापर्यंतचा. हंगामाची सुरुवात पुन्हा ह्यूस्टनमध्ये झाली. तिथून सुटका, मग ओक्लाहोमा सिटी. फेब्रुवारीत ओक्लाहोमाने त्याला न्यू ऑर्लीन्सला दिले आणि न्यू ऑर्लीन्सने त्याला एकही सामना न खेळवता लगेच करारमुक्त केले. फिलाडेल्फियाने त्याला उचलले, तिथे तो हंगाम संपेपर्यंत चांगला खेळला, तरी उन्हाळ्यात करार पुढे गेला नाही. वॉशिंग्टनच्या सराव शिबिरात तो गेला, हंगामाच्या तोंडावर त्यांनी त्याला सोडले, आणि आता त्याला घेतले ते त्याच न्यू ऑर्लीन्सने, ज्यांनी आठ महिन्यांपूर्वी त्याला दारातूनच परत पाठवले होते. हे सारे दीड वर्षाच्या आत घडले.

हे असे का होते, हे समजून घ्यायला एनबीएचे नियम थोडे वाचावे लागले. एका संघात नेहमीच्या करारावर जास्तीत जास्त पंधरा खेळाडू ठेवता येतात; संघ तीस, म्हणजे साऱ्या लीगमध्ये अशा जागा साडेचारशे. त्यांतल्या वरच्या आठ-नऊ जागा पक्क्या असतात आणि शेवटच्या चार-पाच जागांवर सतत हालचाल चालू असते. ज्यांच्या कराराची हमी नसते, त्यांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सोडले तर उरलेल्या हंगामाचे पैसे द्यावे लागत नाहीत, कारण 10 जानेवारीला सगळे करार हमीचे होतात. त्यामुळे बेंचवरच्या खेळाडूचे नवे वर्ष फोनकडे पाहत उजाडते. त्याच सुमारास दहा दिवसांचे करार सुरू होतात: एका संघाला एकाच खेळाडूशी असे दोन करार करता येतात, त्यानंतर उरलेल्या हंगामासाठी त्याला घ्यावे लागते किंवा त्याची वाट मोकळी करावी लागते.

शिवाय लीगने घातलेल्या पगाराच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या संघांना खेळाडूंची अदलाबदल करताना दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळवावे लागतात. एखादा मोठा खेळाडू इकडून तिकडे जात असेल तर आकडा जुळावा किंवा जागा रिकामी व्हावी म्हणून कोपऱ्यातला एक छोटा करार त्याच्यासोबत पाठवला जातो. स्मिथ मेम्फिसला जाताना बातमी शेन बॅटियेची होती. मिलवॉकीला जाताना जे. जे. रेडिकची. फिनिक्सला जाताना कॅरन बटलरची, आणि बटलर तर उलट दिशेने चालला होता. 2022 च्या फेब्रुवारीत शार्लटहून वॉशिंग्टनला जाताना मॉन्ट्रेझ हॅरेलची, आणि त्याच वर्षी डेन्व्हरला जाताना केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपची. प्रत्येक मथळ्यात दुसऱ्याचे नाव आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत इश स्मिथ. एका माणसाचे घर, भाडे, शेजारी, सकाळची सवय, सारे काही अशा शेवटच्या ओळीने बदलते. कराराने मिळणारा पैसा मोठा आहे हे मी नाकारत नाही, पण पैशाने ही गोष्ट हलकी होत असेल असे मला वाटत नाही.

माझे वडील सरकारी नोकरीत होते आणि बदलीचा आदेश आला की घरावर जी अवकळा येई ती मी जवळून पाहिली आहे. पण वडिलांना निदान हजर होण्यासाठी काही दिवस मिळत आणि नव्या कचेरीतही फायली त्याच असत. इथे संध्याकाळी फोन येतो, रात्री विमान असते आणि दुसऱ्या दिवशी सामना असू शकतो. त्यातही स्मिथ पॉइंट गार्ड. बाकीच्या चौघांनी आपापली जागा ओळखली तरी त्यांचे निभते. पॉइंट गार्डला पाचही जणांच्या जागा ठाऊक असाव्या लागतात, कारण चेंडू त्याच्या हातात असतो आणि चाल त्यालाच पुकारायची असते. प्रत्येक प्रशिक्षकाच्या चाली वेगळ्या, खुणा वेगळ्या, एकाच चालीची नावेही वेगळी. कोणाला चेंडू छातीच्या उंचीवर हवा, कोणाला उडीत, कोण चिडला की मागे धावत नाही, हे दोन-चार सरावांत ओळखायचे आणि ओळखले की अशा सुरात बोलायचे की आधीपासून तिथे असलेल्यांना हा कालचा आलेला वाटू नये. तेरा ठिकाणी हे करून दाखवणे हे कौशल्य आहे, आणि ते आकड्यांच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

एकदा मात्र ते सगळ्यांना दिसले. 2015 च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सची स्थिती अशी होती की पहिल्या 31 सामन्यांत त्यांनी फक्त एक जिंकला होता. संघ मुद्दाम तरुण ठेवलेला, भविष्यातल्या ड्राफ्टमध्ये चांगली निवड मिळावी म्हणून वर्षानुवर्षे हरणे पत्करलेला; उंच, गुणी मुले होती, पण त्यांच्या हातात चेंडू वेळेवर पोहोचवणारा कोणी नव्हता. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी न्यू ऑर्लीन्सला ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या दोन निवडींचा हक्क देऊन इश स्मिथला परत आणले. त्याच उन्हाळ्यात ज्याला फुकट ठेवता आले असते त्याच्यासाठी आता किंमत मोजावी लागली. त्याच्या आयुष्यातल्या इतक्या अदलाबदलींत ज्या मोजक्या बातम्या खास त्याच्या होत्या, त्यांतली ही सर्वांत ठळक. दोन दिवसांनी तो संघ फिनिक्सविरुद्ध 111-104 असा जिंकला. त्या हंगामाच्या अखेरीस त्यांच्या नावावर दहा विजय होते, म्हणजे तो आल्यावर 51 सामन्यांत नऊ. ही काही अभिमानाने मिरवण्याजोगी संख्या नाही, पण आधीच्या एकाशी ताडून पाहावी. त्या काळात त्याची सरासरी सामन्यामागे साधारण पंधरा गुण आणि सात असिस्ट अशी होती.

त्या महिन्यांतले सामने मी सर्वांत जास्त पाहिले. एक गोष्ट तो इतक्या वेळा करतो की ती आता मला डोळे मिटूनही दिसते. मध्यरेषा ओलांडली की तो चेंडू खाली ठेवून एक क्षण जवळजवळ थांबतो. त्याचा उंच सहकारी नर्लेन्स नोएल पुढे येऊन बचावपटूच्या वाटेत पाय रोवून उभा राहतो. स्मिथ त्याच्या कमरेला खांदा घासून इतका जवळून वळतो की मागच्याला मधून शिरायला फट उरत नाही, आणि मग दोन ड्रिबलमध्ये पूर्ण वेग. प्रतिस्पर्ध्यांचा उंच खेळाडू आता अडचणीत असतो: पुढे आला तर नोएल त्याच्या पाठीमागून बास्केटकडे निघालेला आहे आणि चेंडू रिंगच्या वर उडवून दिला जाईल, मागे सरला तर स्मिथ फ्री थ्रोच्या रेषेजवळ एकाएकी थांबतो आणि उडी मारून पंधरा फुटांवरून फेकतो. एवढ्या वेगातून असे थांबणे फार कठीण आहे. गुडघे आणि घोटे यांच्यावर त्याचा जो भार पडतो तो पडद्यावरही जाणवतो. त्याचा तीन गुणांचा फेक कधी भरवशाचा झाला नाही, आणि ज्या काळात साऱ्या लीगने त्या फेकीवरच भर दिला त्या काळात त्याला एका जागी स्थिर होता आले नाही याचे ते मोठे कारण असावे असे माझे मत आहे. त्याला सोडणारे सगळेच चुकले असे म्हणणे म्हणूनच बरोबर होणार नाही. उंची कमी, दुरून नेम कच्चा. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, प्रतिस्पर्धी अशा उणिवा शोधूनच डाव रचतात.

फिलाडेल्फियातल्या त्या महिन्यांचे फळ त्याला डेट्रॉइटमध्ये मिळाले: 2016 मध्ये तीन वर्षांचा, 1 कोटी 80 लाख डॉलरचा करार. तिथे तो तिन्ही वर्षे टिकला. नंतर दोन वर्षे वॉशिंग्टन, मग 2021 मध्ये जन्मगाव शार्लट, जिथून अर्ध्या हंगामातच त्याला पुन्हा वॉशिंग्टनला धाडले गेले.

डेन्व्हरमध्ये त्याला फारसे खेळायला मिळाले नाही. निकोला योकिच आणि जमाल मरी यांच्याभोवती बांधलेला तो संघ होता आणि प्लेऑफमध्ये स्मिथ जवळजवळ पूर्ण वेळ बेंचवरच होता. 12 जून 2023 रोजी डेन्व्हरने पाचव्या सामन्यात मायामीला 94-89 असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा तोही विजेत्या संघात होता. बारा संघांवर थांबलेल्या त्या चौघांपैकी चकी ब्राउन 1995 मध्ये ह्यूस्टनबरोबर आणि टोनी मॅसनबर्ग 2005 मध्ये सॅन अँटोनिओबरोबर असेच विजेते झाले होते. जो स्मिथला ते भाग्य लाभले नाही, आणि तो तर 1995 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. मिनेसोटाने त्याच्याशी केलेला गुप्त करार 2000 मध्ये उघडकीस आला, लीगने तो रद्द करून संघाला जबर दंड केला, आणि त्यानंतर तोही गावोगाव फिरत राहिला. पहिल्या क्रमांकाने निवडलेला आणि अजिबात न निवडलेला असे दोन स्मिथ एकाच यादीत शेजारी बसतात, यावरून ड्राफ्टच्या रात्रीला किती महत्त्व द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि या यादीपर्यंत पोहोचणेही किती जणांच्या नशिबात नसते! आंद्रे इंग्रम हा भौतिकशास्त्राचा पदवीधर दुय्यम लीगमध्ये दहा हंगाम खेळत राहिला. पगार तुटपुंजा, म्हणून गणिताच्या शिकवण्या घेत असे. 2018 च्या एप्रिलमध्ये, हंगामाचे दोन सामने उरले असताना, एनबीएमधल्या लेकर्स संघाने त्याला बोलावले. बत्तीस वर्षांचा, केसांत पांढरी छटा आलेला तो माणूस ह्यूस्टनविरुद्ध पदार्पणात 19 गुण करून गेला. स्मिथच्या तेरा संघांकडे पाहताना मला इंग्रमचे ते दोन सामने आठवतात, आणि मग वारंवार सोडले जाण्यातही तो किती उंचावर होता हे लक्षात येते.

शाळेच्या मैदानावर मी ज्या मुलींना शिकवते त्यांतल्या एकीला या वर्षी जिल्ह्याच्या संघात राखीव म्हणून घेतले आहे आणि ती खट्टू आहे. "ताई, मला खेळवणारच नसतील तर जाऊन काय करू?" असे तिने परवा विचारले. तिला उपदेश करण्याची माझी इच्छा नाही, कारण बेंचवर बसून राहण्याचे दुःख खरे असते आणि ते बोलून कमी होत नाही. मंगळवारच्या सरावाआधी मी तिला आणि बाकीच्या गार्ड मुलींना फिलाडेल्फियाच्या त्या हंगामातला एक सामना लावून दाखवणार आहे, आणि त्यानंतर फ्री थ्रोच्या रेषेशी वेगातून थांबण्याचा सराव घेणार आहे. घोट्यांना पट्ट्या बांधून यायला सगळ्यांना आजच निरोप पाठवला.