तुम्ही विचारलंत म्हणून : "बाई, काही रेअर दिसलं का?"

मे महिन्यात मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरून आमच्याकडे येणारी माणसं दोन गोष्टी विचारतात. मासळी कुठे चांगली मिळते, हा पहिला प्रश्न. माझ्या गळ्यात दुर्बीण दिसली की दुसरा : "काही रेअर दिसलं का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला मी इतकी वर्षं "नाही हो, नेहमीचेच" म्हणून वाटेला लावत आले. यंदा भाच्याच्या मित्राने तोच प्रश्न विचारला आणि वर म्हणाला, "मग बाई, रोज कशाला येता?" तेव्हा त्याला नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

आमचं घर अलिबागजवळ नागावला. वाडीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की सुरूचं बन, आणि पलीकडे समुद्र. शेजारी अक्षी. अक्षीची ओळख इतिहासवाल्यांना शिलालेखामुळे, मुंबईकरांना सुट्टीतल्या खोल्यांमुळे, आणि आमच्यासारख्या चार लोकांना ओहोटीत उघड्या पडणाऱ्या सपाट वाळूमुळे. इथे पक्षी बघायचे तर घड्याळाआधी पंचांग लागतं. तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चौतीस वर्षं मुलांना अपूर्णांक शिकवले, पण त्यांत एवढा कामाचा अपूर्णांक दुसरा सापडला नाही. ओहोटीला पक्षी पार पाण्याच्या कडेला असतात, नुसते ठिपके. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना हाकत आपल्याकडे आणतं. आपण एका जागी बसून राहायचं.

आता मे महिन्याचं. बहुतेकांची समजूत अशी की पाहुणे पक्षी थंडीत येतात, होळीला जातात, आणि मग पावसापर्यंत कावळे-चिमण्यांवर भागवायचं. बदकं खरंच लवकर जातात. पण किनाऱ्यावरचे पक्षी जरा वेगळ्या हिशेबाने चालतात. त्यांतल्या कितीतरी जणांना जायचं असतं सैबेरियाच्या उत्तर टोकाला, जिथे बर्फ वितळायलाच जून उजाडतो. लवकर जाऊन बर्फावर बसणार काय? म्हणून ते एप्रिल सरेपर्यंत, काही तर मेच्या मध्यापर्यंत इथेच असतात. खातात, अंगावर चरबी चढवतात, आणि कपडे बदलतात.

हे कपडे बदलणं मी पहिली काही वर्षं चुकवलं, कारण मीही मार्च संपला की दुर्बीण कपाटात ठेवायचे. डिसेंबरात किनाऱ्यावर चिखल्या बघा : पाठ मातकट, पोट पांढरं, शेकडो एकासारखे एक. पक्षी बघायला नव्याने आलेला माणूस दहा मिनिटांत कंटाळतो, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तोच चिखल्या एप्रिलच्या शेवटी बघा. छातीवर विटकरी पट्टा, डोळ्यांवरून काळी कुळकुळीत पट्टी, गळा पांढराशुभ्र. नवरदेव म्हणावं तसा. पण सगळे एका दिवशी नटत नाहीत. कुणाची छाती पुरती रंगलेली, कुणाची अर्धी, कुणाच्या अंगावर नुसते डाग पडलेले. वाकड्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपर तर थंडीत राखाडी असतो आणि मेमध्ये चोचीपासून पोटापर्यंत तांबडा होतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पुस्तकाची सगळी पानं उलटली, काहीतरी नवीन सापडलं म्हणून. निघाला पाच महिने रोज बघितलेलाच.

आमच्या चिखल्यांविषयी आणखी एक. पूर्वी त्याला लेसर सँड प्लोव्हर म्हणायचे. 2023 साली यादी करणाऱ्या मंडळींनी त्याचे दोन पक्षी केले, एक सैबेरियाकडचा आणि एक तिबेटकडचा. आमच्या किनाऱ्यावर येतो तो मुख्यतः तिबेटकडचा. म्हणजे समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून किडे वेचणारा हा मूठभर पक्षी अंडी घालायला जातो जगातल्या सगळ्यात उंच पठारावर. हे कळल्यापासून मी त्याला "नेहमीचाच" म्हणते खरी, पण म्हणताना जीभ जरा अडखळते.

मग रेअर काहीच दिसलं नाही का? दिसलं. एकदा.

मे 2021. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. वाडीत तीन माड आडवे, पोफळी मोडलेल्या, वीज नव्हती. मी किनाऱ्यावर गेले ती पक्षी बघायला नव्हे, बनातली किती झाडं पडली ते बघायला. वर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या आडोशाला कावळ्यांचा गोंधळ चाललेला दिसला. मधे एक सुरय बसलेला. पाठ काळी, पोट पांढरं, कपाळावर पांढरा टिळा, शेपूट दुभंगलेली. सूटी टर्न. हा भर समुद्रातला पक्षी. पिल्लू एकदा घरट्याबाहेर पडलं की काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही, आणि पाण्यावरही फारसं टेकत नाही, कारण त्याची पिसं पाण्यात भिजतात. लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर त्यांची वसाहत आहे. तसा पक्षी आमच्या वाळूवर बसलेला, आणि मी दोन फुटांवर गेले तरी हललाही नाही.

मी कावळे हाकलले. पदर टाकून त्याला उचललं. हाताला नुसती हाडं लागली. घरी आंब्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. फोनवर विचारून जे सांगितलं गेलं ते सगळं केलं : अंधार, शांतता, चोचीत जबरदस्तीने पाणी नाही. खोक्यात ठेवण्याआधी मी त्याचा फोटो काढला होता, तो ओळखीच्यांना पाठवला. संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचा पाऊस. "बाई, लॉटरी लागली!" "लाइफर!" (म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेला पक्षी.) एकाने तर टाळेबंदीतही येता येईल का, पास मिळेल का, अशी चौकशी केली. पहाटे खोकं उघडलं तर पक्षी मरून पडलेला होता. हे कळवलं त्यावर दोन जणांनी उत्तर दिलं.

मी कुणाला दोष देत नाही. मीही त्या फोटोकडे अभिमानानेच बघत होते, रात्री नऊपर्यंत. पण तेव्हापासून "रेअर" हा शब्द कानावर पडला की मला ती हाडं हाताला लागतात. आमच्याकडे दुर्मीळ म्हणून ज्याची बातमी होते तो पक्षी बऱ्याचदा वाट चुकलेला असतो, वाऱ्याने फेकलेला, नाहीतर आजारी. त्याच्या घरी तो मुळीच दुर्मीळ नसतो.

या बाबतीत मला आमच्या शेजारच्या किहीमची गोष्ट फार आवडते. सलीम अली 1930 च्या पावसाळ्यात तिथे राहत होते. त्यांनी बघायला घेतली कोण, तर सुगरण. ताडामाडांना खोपे टांगणारी, पोरासोरांना ठाऊक असलेली. आणि रोज बसून बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की नर एक खोपा मादीच्या पसंतीला उतरला की लगेच दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. घराघरात दिसणाऱ्या पक्ष्याचा हा संसार तोवर कुणी नीट मांडला नव्हता.

मे महिन्यात वरूनही बरंच काही जातं, त्यातलं मला दिसतं ते अगदी थोडं. मंगोलियात उपग्रहाची टॅग लावलेला ओनोन नावाचा कुकू 2020 च्या वसंतात झांबियाहून निघून, अरबी समुद्र ओलांडून, भारतावरून मंगोलियाला परत गेला. बारा हजार किलोमीटर. (हा कुकू म्हणजे आपली कोकिळा नव्हे. शाळेत मी स्वतः हे चुकीचं शिकवलंय.) त्यानंतर सुरूच्या शेंड्याकडे मी जरा जास्त बघते. एकदाच एक राखाडी पक्षी सुरवंट खाताना दिसला. आधी शिक्रा वाटला. तो कुकू होता, पाच मिनिटं थांबला. मेच्या अखेरीस कनकेश्वरच्या डोंगरावर चढणाऱ्या पायऱ्यांवर नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, आणि मग आफ्रिकेहून चातक. त्याच्याविषयी कवींनी पुष्कळ सांगून ठेवलंय.

लोकांचा आणखी एक प्रश्न : "सगळे गेले, मग हे पाच-सहा का राहिले?" ती पहिल्या वर्षाची पोरं. अंडी घालायचं वय झालेलं नाही, तर एवढा प्रवास कशाला? ती इथेच मातकट कपड्यांत पावसाळा काढतात. आमचा एक कोळी त्यांना नापास म्हणतो. मी शिक्षिका, मला ते नाव पटत नाही. आम्ही कितीतरी मुलांना एक वर्ष थांबवलेलं आहे आणि ती पुढे चांगली निघाली.

भाच्याच्या त्या मित्राला मी म्हटलं, संध्याकाळी ये, वैशाख शुद्ध नवमी आहे, पावणेसातला भरती. तो आला. वाळूची पट्टी आक्रसत गेली तसे चिखल्या दाटीने उभे राहिले. बेचाळीस, मी दोनदा मोजले. त्या दिवशी ते खात नव्हते. एक बोलायचा, मग सगळे. थवा उठायचा, पाण्यावरून वळसा घ्यायचा, परत बसायचा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते वळले नाहीत. वर चढत गेले, तिरपी ओळ धरली, आमच्या डोक्यावरून सुरूच्या बनावर, आणि कनकेश्वराच्या डोंगराच्या उजवीकडून ईशान्येला. आवाज आकारापेक्षा जास्त वेळ राहिला.

मुलाने फोन वर केला होता, पण फोटोत काही आलं नाही. आम्ही उठायला लागलो तेवढ्यात तीन परत आले. का, ते त्यांचं त्यांना माहीत. आमच्यासमोर उतरले आणि लगेच वाळूत चोची मारायला लागले. मी वहीत बेचाळीस खोडून एकोणचाळीस गेले, तीन राहिले असं लिहिलं. तो म्हणाला, "उद्या भरती किती वाजता?"

"दशमी," मी म्हटलं. "तूच कर पाऊणपट."