हवालदारसाहेबांचा राजीनामा

ठाणे पूर्वेला कोपरीतील ज्या अनुदानित शाळेची मी मुख्याध्यापिका आहे, तिथे एनसीसीचे ज्युनिअर डिव्हिजनचे पथक बऱ्याच वर्षांपासून आहे. 1948 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या संघटनेत शाळेतल्या पथकाची जबाबदारी एका शिक्षकाकडे असते. बटालियनकडून लष्करातले प्रशिक्षक येतात खरे, पण त्यांच्याकडे अनेक शाळा असल्यामुळे आमच्या वाट्याला ते मोजकेच येतात. आमचे जुने एनसीसी अधिकारी सेवानिवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या गणिताच्या सरांचे एनसीसी अधिकाऱ्यांसाठीचे कामठीचे प्रशिक्षण अद्याप व्हायचे होते. त्यामुळे मुलांची कवायत प्रत्यक्षात पायदळातून निवृत्त झालेले एक हवालदार घेत असत, आणि त्यांना पालक-शिक्षक संघाच्या निधीतून मानधन दिले जात असे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी मैदानावर गेले, तेव्हा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा सराव चालू होता. मैदानात फक्कीने तीस-तीस इंचांवर आडव्या रेघा मारल्या होत्या, कारण ‘तेज चल’मध्ये पाऊल तेवढेच पडावे लागते. नववीतला एक बुटका मुलगा दर रेघेला थोडा मागे राहत होता. हवालदारसाहेब त्याच्यावर ओरडले नाहीत. ते त्याच्या शेजारी येऊन त्याच्याबरोबर चालू लागले आणि दर पावलाला हलक्या आवाजात ‘टाच, टाच’ म्हणत राहिले. काही फेऱ्यांनंतर त्याची टाच नेमकी रेघेवर पडू लागली, तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून ते पुढच्या रांगेकडे वळले. पुस्तकातून न शिकवता येणारे हे काम किती मोलाचे आहे, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होते.

परेड संपल्यावर ते कार्यालयात आले आणि दुमडलेला अर्ज टेबलावर ठेवून म्हणाले, “बाई, एक तारखेपासून उरणला रुजू व्हायचंय.” एका सार्वजनिक उपक्रमाच्या सुरक्षा विभागात, माजी सैनिकांसाठी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाने ठरवलेल्या दराने त्यांना काम मिळाले होते. पगार आमच्या मानधनाच्या दुपटीहून अधिक होता, शिवाय भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि साप्ताहिक सुट्टी होती. आमच्याकडे मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या हातात काहीच पडत नसे. “पेन्शन आहे म्हणून आजवर भागलं. आता धाकटीचा डिप्लोमा चालू आहे, आणि कळव्यातल्या खोलीचं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं,” असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि मला अधिक लागले ते त्यामुळेच.

माझ्यासमोरचा प्रश्न तातडीचा होता. एनसीसीच्या ‘ए’ प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचे तर कॅडेटची परेडला किमान 75 टक्के हजेरी लागते आणि एक शिबिर पूर्ण झालेले असावे लागते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांची शिबिरे झाली होती, पण परेडच बंद पडल्या असत्या तर त्यांची दोन वर्षांची मेहनत ऐन परीक्षेच्या तोंडावर वाया गेली असती.

मी त्याच दुपारी संस्थेच्या सचिवांना विनंती करून सभा बोलावली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, की देशसेवा केलेल्या माणसाने पैशाकडे पाहू नये. वयाचा मान राखून मी त्यांना सांगितले, की देशसेवा करून झाली आहे, आता घर चालवायचे आहे. पैसा कुठून आणायचा, ही अडचण मात्र खरीच होती. हवालदारसाहेबांचे पद मंजूर नसल्याने शालार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीतून वेतन निघणे शक्य नव्हते, आणि वेतनेतर अनुदानातून विजेचे बिल भागवतानाच आमची दमछाक होते.

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये 1916 च्या कायद्यापासून चालत आलेल्या जेआरओटीसीचे, म्हणजे आपल्या एनसीसीसारख्याच उपक्रमाचे, उदाहरण मी सभेत दिले. तिथे निवृत्त सैनिक हे शाळेचे पगारी कर्मचारी असतात. 1964 च्या कायद्याने घालून दिलेली रीत अशी होती, की निवृत्तिवेतन आणि सेवेत असते तर मिळाला असता तो पगार, यांतला फरक शाळेने द्यायचा आणि त्यातला निम्मा भार सैन्यदलाने उचलायचा. हिशेब तिथेही पेन्शन धरूनच मांडलेला होता, पण तो मांडलेला तरी होता. आपल्याकडे माणसाची पेन्शन गृहीत धरून उरलेले त्याच्या सद्भावनेवर सोडले जाते, आणि हे फार काळ चालणार नाही, असे माझे ठाम मत आहे. सैन्यभरतीच्या 2022 च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तरुणांना पेन्शन नसेल. उद्या प्रशिक्षक म्हणून तेच आमच्या दारी येतील, आणि त्यांना नुसत्या मानधनावर कसे ठेवायचे, याचे उत्तर सभेत कोणाकडेच नव्हते.

संस्थेने स्वतःच्या निधीतून बारा महिन्यांचे मानधन आणि थोडी वाढ देऊ केली. उरणच्या पगाराच्या जवळपासही ते जात नव्हते. हवालदारसाहेबांनी आभार मानले आणि नम्रपणे नकार दिला. मात्र त्यांनीच एक तोड सुचवली: साप्ताहिक सुट्टी रविवारी मागून घेऊन परीक्षा होईपर्यंत दर रविवारी परेड घ्यायची. त्यांना उरणला एका दिवसाचा जेवढा पगार मिळेल तेवढाच शाळेनेही द्यावा, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. गणिताचे सर प्रत्येक रविवारी त्यांच्याबरोबर उभे राहिले. मुले परीक्षेला बसली, आणि रेघेमागे राहणारा तो मुलगाही बसला.

त्यानंतर आम्ही जाहिरात दिली. मुलाखतीला दोन माजी सैनिक आले. त्यांतल्या धाकट्याने खुर्चीत बसताच भविष्य निर्वाह निधी मिळेल का, असे विचारले. तो प्रश्न मी इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवून घेतला असून, जूनच्या अंदाजपत्रकाच्या सभेत प्रशिक्षकाचे वेतन ही स्वतंत्र बाब म्हणून मांडणार आहे.