कॅम्पर परवडला का? तुम्ही विचारलंत म्हणून

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या प्रत्येक जमण्यात, दिवाळीच्या फराळापासून कोणाच्या बारशापर्यंत, मला एकच प्रश्न विचारला जातो: ट्रकच्या पाठीवरच्या त्या राहत्या खोलीत, म्हणजे कॅम्परमध्ये, एवढे पैसे घातलेस, ते वसूल झाले का, आणि आम्ही घ्यावा का? पुण्याहून फोनवर हाच प्रश्न "त्यापेक्षा हॉटेलात राहून झालं नसतं का?" असा येतो. आजवर मी लाकडी सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि फायबरग्लासचे कवच यांतला फरक समजावत बसलो आणि समोरचा कंटाळला की सुटलो. ते उत्तर खोटे नव्हते, पण अर्धवट होते.

आधी हिशेब. मे २०१९ मध्ये कॅम्पर ४६,००० डॉलरला घेतला. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, तेवढेच वाचले. पुढे दुरुस्तीला ६,४०० लागले. आजवर त्यात १९६ रात्री झोपलो, म्हणजे एका रात्रीला सुमारे २६७ डॉलर, कॅम्पग्राउंडचे भाडे वेगळे. विकला तर येतील ते पैसे मी यातून वजा केलेले नाहीत, असे मी म्हणतो. ट्रकचे पैसे तू यात धरलेलेच नाहीस, असे माझी बायको म्हणते. दोघांचेही बरोबर आहे.

परंतु मला खुपते ते निराळेच. सेहेचाळीस हजार डॉलर मोजल्यावर वस्तू चांगलीच असणार, असे २०१९ मधला मी धरून चालला होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात क्रेटर लेकजवळ शेजारच्या माणसाने चुकून माझ्या कॅम्परचा बाहेरचा कप्पा स्वतःच्या किल्लीने उघडला आणि दचकून माफी मागितली. दोघांच्या किल्ल्यांवर एकच क्रमांक कोरलेला होता, सीएच७५१. असल्या कप्प्यांना वर्षानुवर्षे हेच कुलूप सर्रास बसवत आले आहेत. त्याचा कॅम्पर माझ्यापेक्षा १८,००० डॉलरनी महाग होता. मग आम्ही दोघांनी एकमेकांच्या कॅम्परची दारे उघडून पाहिली, तेव्हा फ्रिज, हीटर, पाण्याचा पंप आणि छतावरचा पंखा एकाच दुकानातून आणल्यासारखे निघाले. जास्तीचे पैसे कशाचे, हे त्यालाही सांगता आले नाही. दाराशेजारी आरव्हीआयएचा, म्हणजे अशी राहती वाहने बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, शिक्का आहेच, पण तो वीज, गॅस, नळ आणि आगीपासूनची सुरक्षितता यांच्या नियमांपुरता असतो. छत गळणार नाही, असे तो कोठेही म्हणत नाही.

वजनाचीही तीच गत. ट्रकच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे माणसे धरून ३,७५० पौंड वजन चालते आणि माहितीपत्रकात कॅम्पर २,६१० पौंडांचा होता. त्यात एसी, दाराबाहेरची कापडी छपरी, बॅटऱ्या, कॅम्पर उचलून धरणारे पाय, ३० गॅलन पाणी, गॅस, आम्ही दोघे आणि कुकरपासून पोळपाटापर्यंतचा संसार मिळवल्यावर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर, ट्रकचे स्वतःचे वजन वजा जाता, ४,००० भरले. तेव्हापासून आम्ही पाणी मुक्कामाला पोहोचल्यावर भरतो. मागच्या चाकांच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) बसवून ट्रक वर उचलला जातो, त्याची क्षमता वाढत नाही. हे सांगितले की दर वेळी कोणीतरी माझ्याशी वाद घालते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ऑक्टोबर २०२० मध्ये आम्ही न्यूपोर्टच्या उत्तरेला बेव्हर्ली बीचच्या कॅम्पग्राउंडवर होतो. किनाऱ्यावरचा पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. ट्रकच्या केबिनवर पुढे आलेला जो झोपण्याचा भाग असतो, त्याला आम्ही पोटमाळा म्हणतो. पहाटे तीनच्या सुमारास बायको म्हणाली, "अरे, माझ्या पायाखालची गादी ओली आहे." मला वाटले, श्वासाची वाफ धरली असेल. टॉर्च लावून गादी उचलली तर खालची फळी काळी पडलेली होती. मी अंगठ्याने दाबले आणि दुधात बुडवलेल्या खारीत बोट जावे तसा अंगठा प्लायवूडमध्ये गेला. वास तळघरासारखा होता. कोपऱ्यातले अस्तर सोलले तेव्हा आतल्या पट्ट्या नुसत्या पिना मारून जोडलेल्या दिसल्या. पिना गंजल्या होत्या आणि एक पट्टी हातात भुशासारखी कुस्करली गेली. पाणी येत होते ते बाहेर पुढच्या कडेवर असलेल्या पाच नारिंगी दिव्यांपैकी एकातून. त्या दिव्याखाली बुटाइलची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबराची, पट्टी अर्ध्यावरच संपलेली होती. दोन-तीन डॉलरचा माल वाचला असेल. उरलेली रात्र आम्ही ट्रकच्या सीटवर बसून काढली आणि गाडीत कोणी काही बोलले नाही.

विक्रेत्याने दोन वाक्यांत निकाल दिला: एक वर्षाची वॉरंटी मे महिन्यात संपली, आणि ती चालू असती तरी सीलंट (सांधे बुजवणारा लेप) तपासणे ही मालकाचीच जबाबदारी. मालकासाठीच्या पुस्तिकेत पान ६१ वर दर ९० दिवसांनी तपासा असे छापलेले आहे. मी ते पान त्या दिवशी प्रथम वाचले. शेवटी एका स्वतंत्र कारागिराने पुढचा भाग उघडून तीन आठवड्यांत बांधून दिला, ते हे ६,४०० डॉलर.

एवढी हकिगत तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे आणि ती सांगताना मी नेहमी येथेच थांबतो. पुढचे सांगितलेले नाही. जानेवारी २०२० मध्ये, वॉरंटीचे चार महिने शिल्लक असताना, त्याच कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा एक तपकिरी डाग उमटला होता. बायकोने मला तो दाखवला. मी तो ओल्या फडक्याने पुसला आणि चहाचाच आहे म्हणालो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा नाशिकच्या मेव्हण्याने दिलेले वारली चित्र मी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने त्यावर लावले. छान दिसते, असे तीही म्हणाली. त्या ऑक्टोबरच्या पहाटे मी ते चित्र भिंतीवरून काढले, तेव्हा नाचणाऱ्या माणसांच्या मागचा पुठ्ठा बुरशीने काळा झालेला होता. तिने तो पाहिला आणि काहीच म्हणाली नाही, हे मला आजही म्हटल्यापेक्षा अधिक लागते.

मग दोष कोणाचा? पट्टी अर्धी लावणाऱ्याचा आहेच, आणि तो मी सोडणार नाही. २०२१ मध्ये कारखान्यांतून विक्रमी, सुमारे सहा लाख अशी राहती वाहने विक्रेत्यांकडे गेली आणि घाईत माल बिघडला, असे पुष्कळ जण म्हणतात. माझा कॅम्पर त्याआधीचा, त्यामुळे ते कारण मला वापरता येत नाही. पण डाग पुसणारा माणूस कोण होता? तेव्हाचा मी याला उत्तर देतो की, एवढे पैसे घालून आठच महिन्यांत वस्तू गळते हे कबूल करणे म्हणजे आपली फसगत झाल्याचे कबूल करणे होते. ते मला पटते आणि पटतही नाही. पैसे कमी घातले असते तर मी तो डाग त्याच दिवशी उकरून पाहिला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता घ्यावा का? दोन अर्ध्या कवचांना जोडून केलेले फायबरग्लासचे कॅम्पर घ्या, त्यांना सांधे कमी, असे मी सांगतो; पण खिडक्या, दिवे आणि छतावरचा पंखा यांसाठी त्यांनाही भोके पाडावीच लागतात. जुना घेत असाल तर चाळीस डॉलरचे ओलावामापक यंत्र घेऊन जा, पुढच्या दिव्यांच्या आतल्या बाजूला टेकवा आणि भिंतीवर कोणी चित्र लावले असेल तर ते काढायला सांगा.

माझ्या कॅम्परला गेल्या महिन्यात २४,००० डॉलरची मागणी आली. मी अजून उत्तर दिलेले नाही. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की बुरशी धरू शकते, म्हणून मी दर महिन्याला मापून वहीत लिहून ठेवतो. डावा कोपरा वर्षभर १३ वर आहे. उजवा मार्चमध्ये १४ होता, परवा १७ दाखवला. बायकोने वही पाहिली आणि शिडी गॅरेजबाहेर आणून ठेवली आहे.