कोंबडा आरवला त्या अंगणात

जेरुसलेमच्या जैतून डोंगरावरून उतरायला लागलो तेव्हा मावशींनी विचारलं, "सर, बस कुठं थांबणार?" बस नव्हतीच. येशूला पकडलं ती गेथशेमाने बाग ते सियोन डोंगर पायी जायचं, हे पाळकसाहेबांनी नगरहून निघतानाच ठरवलं होतं. येशूला धरून चालवत नेलं, मग आपण गाडीत कसं बसायचं, हा त्यांचा हिशेब. किद्रोनचं खोरं उतरलो, पलीकडचा चढ लागला आणि गुडघे बोलायला लागले. आमच्या गावावरून दिंड्या जायच्या. त्यातल्या म्हाताऱ्या कशा चालत असतील, ते इथं कळलं.

वर गालिकान्तूचं चर्च, छपरावर सोनेरी कोंबडा. नावाचा अर्थच कोंबड्याचं आरवणं. येशूची चौकशी करणाऱ्या कयफा या प्रमुख याजकाचा वाडा इथं होता असं परंपरा सांगते. आर्मेनियन लोक मात्र दुसरी जागा दाखवतात. मावशी म्हणाल्या, "कुठं का असेना, मारलं ते तर खरं ना?"

चर्चच्या पोटात खडकात कोरलेला खड्डा आहे. आता उतरायला जिना केलाय, पण छताला भोक दिसतं. कैद्याला तिथूनच दोरानं खाली सोडत असावेत, असं सांगतात. पाळकसाहेबांनी बायबलातलं 88 वं स्तोत्र वाचलं. बहुतेक विलापगीतांच्या शेवटी थोडी तरी आशा असते, हे स्तोत्र अंधारातच संपतं.

मला मात्र येशूच्या कितीतरी आधीचा यिर्मया संदेष्टा आठवत होता. त्यालाही याच शहरात दोरांनी हौदात सोडलं होतं. पाणी नव्हतं, चिखल होता, आणि तो त्यात रुतला. गुन्हा काय? खास्द्यांच्या, म्हणजे चालून आलेल्या बाबेलच्या सैन्याच्या, हवाली झालात तर जगाल, शहरात राहिलात तर मराल, एवढंच तो बोलला होता. सरदार म्हणाले, हा सैनिकांचा धीर खचवतो. सिद्कीया राजानं हात वर केले : तो तुमच्या हाती आहे, मी तुमच्यापुढं काय करणार! शेवटी एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकेतला, चाकर तीस माणसं घेऊन आला. त्यानं आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या आणि म्हणाला, या काखेत धर, म्हणजे दोर काचणार नाहीत. अख्ख्या दरबारात हे सुचलं ते एका परक्याला. पुढं शहर पडलं, यिर्मया म्हणाला होता तसंच.

येशूला कयफाचा सासरा हन्ना याच्यापुढं एका शिपायानं थोबाडीत मारली, तेव्हा त्यानं विचारलं होतं : चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर असेन तर मारतोस का? या प्रश्नाचं उत्तर शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही.

आणि बाहेर शेकोटीपाशी त्याचा शिष्य पेत्र. त्याला कुणी मारलं नाही. येशूला मी ओळखत नाही म्हणाला आणि सुटला. तेव्हाच कोंबडा आरवला.

नोकरीत असताना आमच्या शाळेत पटावर खोटी नावं होती. एका तरुण शिक्षिकेनं ते लेखी कळवलं. चौकशीला साहेब आले, मला विचारलं. "मला काही कल्पना नाही," मी म्हणालो. त्या बाईंची बदली लांब, डोंगरातल्या गावी झाली. निरोपाच्या चहाला मी गेलो नाही, रजा टाकली.

वर अंगणात पुतळा आहे : पेत्र, त्याच्याकडं बोट दाखवणारी दासी, खांबावर कोंबडा. मावशींनी मोबाईल काढला. "सर, पेत्राशेजारी उभे राहा, फोटो काढते."

राहिलो उभा.