टेबलावरची मारबत

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गणेश मंडळाचा मोठा देखावा आज कोणाला आठवत नाही. तो भाड्याने यायचा, कधी फिरता गरुड तर कधी दार उघडणारी गुहा. लोक वळायचे ते कोपऱ्यातल्या टेबलाकडे. तिथे आम्हा पोट्ट्यांचा देखावा असायचा, आणि विषय नागपुरातलाच हवा अशी ड्रॉइंगच्या सरांची अट होती.

सगळ्यात गाजली ती मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची, हे सरांनी घोकूनच घेतलं होतं. दोन्ही पुतळे आधी करून ठेवता आले, पण सोबत निघणारे बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे, त्या-त्या वर्षाचे. कोणत्या महागाईचा, कोणत्या पुढाऱ्याचा बडग्या निघतो ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभं राहूनच कळायचं, आणि मग गणपती बसायला उरायचे जेमतेम तीन दिवस.

प्रमाण 1:72. म्हणजे माणूस सव्वादोन सेंटिमीटरचा आणि डोकं तीन मिलिमीटरचं. साबुदाणा नेमका त्या मापाचा! पुढच्या रांगेतली माणसं मूर्तिकारांच्या चितार ओळीतून मागून आणलेल्या मातीची, मागची गर्दी म्हणजे काडीवर खळीने चिकटवून काळा रंगवलेला साबुदाणा. एका रात्री उंदरांनी टेबलावरची अर्धी इतवारी पेठ फस्त केली. सकाळी तर्री-पोहे घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "काहून बे पोट्टेहो, खळीत मोरचूद नाही टाकलं काय?"

पण आमचा खरा सोहळा विसर्जनाच्या आदल्या रात्रीचा. वांगे-आलूची भाजी, पुरी, बुंदी असा महाप्रसाद आटोपला की मंडपातले दिवे बंद व्हायचे आणि फोटो सुरू. हॅलोजन एकच, बाजूने तिरपा. आकाशात सूर्य एक असतो, जमिनीवर दोन सावल्या दिसल्या की रस्त्याचं पुन्हा टेबल होतं. निळा कागद बराच मागे, नाहीतर घराची सावली आभाळावर पडते. सरांचा हट्ट असा, की बघणारा मिरवणुकीतलाच वाटला पाहिजे, गच्चीवरचा नाही. त्या मापात डोळ्यांची उंची दोन सेंटिमीटर. कॅमेरा टेबलावर ठेवला तरी भिंग त्याहून वरच राहतं. म्हणून रस्ता टेबलाच्या अगदी कडेपर्यंत आणायचा आणि कॅमेरा खाली स्टुलावर ठेवायचा.

पुढच्या ढोलापासून मागच्या गॅलरीपर्यंत सगळं स्पष्ट यायला भिंगाचं छिद्र एफ 16 पर्यंत बारीक करायचं. मग उजेड कमी, शटर काही सेकंद उघडं. तेवढा वेळ अख्खं मंडळ मंडपाच्या फळ्यांवर पुतळा होऊन उभं. कोणी पाय हलवला तर फळ्या हलून फोटो गेलाच, आणि रोल कोणाच्या बापाचा नव्हता. धुपाटण्याचा थोडा धूर सोडला की मागची घरं फिकी पडायची आणि हातभर रस्ता थेट जागनाथ बुधवारीपर्यंत गेल्यासारखा वाटायचा. ही युक्ती पुजारीबुवांची. त्यांना ती कशी सुचली, देव जाणे.

फोटो धुऊन आले की कोजागिरीला दुधासोबत अल्बम फिरायचा. सर तेव्हा लुई दागेरची गोष्ट हमखास सांगत. 1822 साली पॅरिसात उजेडाचे खेळ करून डायोरामा, म्हणजे मोठ्या रंगवलेल्या पडद्यांचा देखावा, दाखवणारा आणि 1839 साली छायाचित्रणाची रीत जगापुढे आणणारा माणूस एकच. दरवर्षी तीच गोष्ट, दरवर्षी तेच आश्चर्य. आमचं लक्ष मात्र फोटोतल्या खोडींवर असायचं: फेविकॉलची चकाकी, दोरखंडाएवढी जाड दिसणारी विजेची तार.

2015 मध्ये नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज रेल्वे बंद झाली, त्याच्या पुढच्या गणपतीत इतवारी स्टेशन उभं राहिलं. तेव्हा आम्ही 1:87 धरलं, कारण 762 मिलिमीटर रुंदीचा तिचा रूळ त्या मापात नऊ मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तेवढा खेळण्यातला रूळ तयार मिळतो. 2018 ला थर्माकोलवर बंदी आली. त्याचं मला दुःख नाही. पुठ्ठ्याला कापलेली कड जास्त चांगली येते.

आता पोरी मोबाईल उलटा धरतात, म्हणजे भिंग जमिनीला टेकतं, आणि वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडून एक करतात. श्वास रोखायची गरज उरली नाही, तरी जुने सभासद रोखतातच. यंदा फुटाळा तलाव करायचा की कॉटन मार्केट, यावर भांडण आहे. माझं मत कॉटन मार्केटला. माणसं, झाडं, घरं सगळं लहान करता येतं, पण पाण्याचा थेंब तेवढाच राहतो. फुटाळ्यासाठी पोरींनी काचेवर वॉर्निशचे थर देऊन पाहिले आहेत. दिसतात बरे, पण लाट अजून जमलेली नाही.