इतर हक्कातली एक ओळ

मी घ्यायला निघाले होते ती जमीन घाटमाथ्याच्या पलीकडे, आडबाजूच्या एका तालुक्यात. विकणाऱ्या काकांनी पहिल्याच भेटीत डिजिटल सहीचा सातबारा पुढे केला. भोगवटादार वर्ग १ (म्हणजे विकायला बंधन नसलेली), नावं काकांची आणि त्यांच्या दोन भावांची, खाली 'प्रलंबित फेरफार : नाही', म्हणजे नोंदीतला कुठलाही बदल अडकलेला नाही. इतर हक्कात, म्हणजे बोजे आणि बंधनं लिहायच्या रकान्यात, एकच ओळ होती : तगाई (जुनं सरकारी शेतीकर्ज) बोजा, रुपये ३००, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक.

"आजोबांच्या वेळचं आहे ते, ताई. त्याला आता कोण विचारतंय?" काका म्हणाले.

तीनशे रुपयांसाठी कुणी दारात येणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण सातबारा हा महसुली कागद आहे. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढंच. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलंय. म्हणून नावं कुठून आली हे पाहायचं तर प्रत्येक फेरफार उघडून मागे मागे जावं लागतं. ते काम वकिलांचं, आणि शेवटी सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल, वकिलांनीच दिला. पण कागद गोळा करण्याचं काम मी अंगावर घेतलं. इतक्या लांब वकील किती वेळा येणार, आणि त्यांचा माणूस आला तरी समोर येईल तेवढंच घेऊन परतणार.

शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, ही कूळ कायद्याच्या कलम ६३ ची अट. माझं नाव माहेरच्या सातबारावर आहे, त्यामुळे तो प्रश्न उतारा दाखवताच मिटला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे काकांच्या कुटुंबातल्या एका मुलीचं नाव मला शोधावं लागलं.

तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र ते भाऊसाहेबच. त्यांच्या सज्जात बरीच गावं, त्यामुळे या गावात ते बाजाराच्या दिवशी सापडण्याची शक्यता जास्त. जुन्या फेरफारांचे स्कॅन 'आपले अभिलेख'वर मिळतात, आणि काही मला घरबसल्या मिळालेही. पण तगाईचा फेरफार असलेलं पान स्कॅनमध्ये इतकं काळवंडलं होतं की क्रमांकापलीकडे काही लागेना. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला. कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या आणि वाट पाहा. तिथला कारकून भला माणूस होता. नक्कल तयार व्हायच्या आधीच त्याने मूळ नोंदवही समोर उघडून दिली.

तगाईची नोंद १९५५ ची. त्यात आजोबांचं नाव होतं, पण पुढे 'कूळ' असं लिहिलेलं. मालकाच्या जागी भलत्याच घराण्याचं नाव. म्हणजे १९५५ साली आजोबा ही जमीन कसत होते, पण ती त्यांची नव्हती. मग ती त्यांची झाली कशी?

याचं एक उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. पुढे कूळ कायद्याच्या कलम ३२ ग ची चौकशी होऊन किंमत ठरली, ती भरल्यावर ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं. पण अशा जमिनीला कलम ४३ चं बंधन येतं : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, आणि विकली तर कलम ८४ क खाली व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. काकांच्या सातबारावर या बंधनाचा मागमूस नव्हता.

मग हस्तलिखित सातबारे मागवले. हे उतारे वाचायची एक रीत आहे. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं, आणि ते कोणत्या फेरफाराने कमी झालं तो आकडा शेजारच्या वर्तुळात. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं असलं तरी मागे भावंडं असू शकतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा (अल्पवयीनाचा) पालनकर्ता. ते मूल आता साठीचं असेल, पण शेरा तसाच राहिलेला असतो. या जुन्या उताऱ्यांवर इतर हक्कात स्पष्ट अक्षरात होतं : 'कु. का. (कूळ कायदा) कलम ४३ चे बंधनास पात्र'. ना कंस, ना ते काढल्याचा फेरफार. हस्तलिखितावरून संगणकात माहिती भरताना ही ओळ गळली, आणि तगाईची निरुपद्रवी ओळ तेवढी टिकली.

काकांना ठाऊक नव्हतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते म्हणाले, "आमच्याकडे फक्त पावती पुस्तक होतं." घरातली पत्र्याची पेटी काढून बसलो, तेव्हा त्यात ३२ म चं प्रमाणपत्रही निघालं, १९६४ चं, चार घड्या पडलेलं. पेटीतले आणखी दोन कागद मोडीत होते. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ जिल्ह्याच्या गावी भेटले. एक कागद जुन्या मालकाला दिलेल्या खंडाचा निघाला, दुसरा लग्नाच्या देण्याघेण्याचा.

हा पेच वाटला तेवढा वाईट नव्हता. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२ म च्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील, तर परवानगीची गरज राहत नाही. आकाराच्या (जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या) चाळीस पट नजराणा सरकारला भरायचा. अट एवढीच की घेणारा शेतकरी हवा आणि कमाल धारणेचा व तुकडेबंदीचा भंग व्हायला नको. या जमिनीचा आकार होता ३ रुपये ४० पैसे. चाळीस पट म्हणजे १३६ रुपये! ते न भरता खरेदी झाली असती, तर पुढे कोणीही बोट ठेवू शकलं असतं. तरी १३६ रुपये भरायला जेवढा वेळ गेला त्यात विहीर खणून झाली असती. आधी गळलेली नोंद जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली पुन्हा आणायची, मग नजराण्याचा अर्ज, चलन, आणि मग तीच नोंद कमी करायचा फेरफार. जी ओळ काढायची ती आधी घालायची. भाऊसाहेब हसले, मलाही हसू आलं, पण कागदाची साखळी जुळायला दुसरा मार्ग नव्हता.

दुय्यम निबंधकाकडचा शोध हा वेगळाच प्रकार. तलाठ्याकडे जमीन गट नंबरने सापडते. निबंधकाकडे गाव आणि सालावरून सूची दोनमध्ये, किंवा माणसाच्या नावावरून सूची एकमध्ये. गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीत ती कर्जदाराच्या खात्याखाली असते. कोर्टात तर जमीन नसतेच, असतात वादी आणि प्रतिवादी. चारही ठिकाणी एकच शेत, पण एका दप्तराला दुसऱ्याचा पत्ता नाही. ते एकमेकांना जोडणं हेच शोधाचं खरं काम, आणि माझ्या मते सर्च रिपोर्टमध्ये सगळ्यात कच्चं राहतं तेही हेच.

साधारण २००२ नंतरचे दस्त ऑनलाइन शोधता येतात. त्याआधीचं सगळं वह्यांमध्ये. तिथे गट नंबर कामाचा नव्हता, कारण गावात (तुकडे जोडून गट पाडणारी) एकत्रीकरण योजना होण्यापूर्वी ही जमीन सर्व्हे नंबर आणि हिस्सा यांनी ओळखली जायची. म्हणून आधी भूमी अभिलेखात जाऊन एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा काढला. कोणत्या जुन्या नंबरांचा हा गट झाला ते त्यात मिळतं. आमच्या गटात दोन जुने हिस्से आले होते, त्यामुळे सूची दोन्ही नंबरांनी पाहावी लागली. शिवाय या तालुक्यात निबंधक कार्यालय उशिरा आलं. त्याआधीचे दस्त शेजारच्या तालुक्यात नोंदलेले, तिथला शोध वेगळा. काही सालांच्या वह्यांची पानं फाटलेली होती. वकिलांनी रिपोर्टमध्ये ती सालं आणि 'पाने जीर्ण, शोध अपूर्ण' असं सरळ लिहिलं. जो वकील हे लिहितो त्याच्यावर विश्वास ठेवावा.

तीस वर्षांचा शोध पुरे, असं सगळे म्हणतात. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदत कायद्यात तीस वर्षांची मुदत आहे, त्यामुळे आकड्याला आधार आहेच. पण कुळाची, वतनाची किंवा इनामाची जमीन असेल, तर तीस वर्षांत मूळ हाताला लागतच नाही. इथे तर तगाईच सत्तर वर्षं जुनी होती.

बोज्यांचं म्हणाल तर दोन गोष्टी पाहायच्या : फिटलेला असून कागदावर राहिलेला, आणि कागदावर नसून देणं असलेला. तगाई पहिल्या प्रकारातली. २०२५ मध्ये महसूल विभागाने 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू केली आणि पुढे त्यातच तगाई, बंडिंग, सावकारी कर्ज असे कालबाह्य शेरे काढायला घेतले; ही ओळ त्यात गेली. त्रासदायक असतो तो दुसरा प्रकार. विविध कार्यकारी सोसायटीचं पीक कर्ज इकरारावर, म्हणजे जमिनीवर बोजा ठेवत असल्याच्या लेखी कबुलीवर, मिळतं, आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे त्या जमिनीवर बोजा बसतो. तो फेडल्याशिवाय केलेली विक्री रद्दबातल. असा इकरार निबंधकाच्या सूचीत सापडेल या भरवशावर राहू नये. म्हणून सोसायटीच्या गटसचिवांना गाठलं. काका, त्यांचे दोन भाऊ आणि मयत वडील, चौघांच्याही नावाची खाती तपासायला लावली आणि बेबाकी (बाकी नसल्याचे) दाखले लेखी घेतले. धाकट्या भावाच्या नावावर थोडी बाकी निघाली. फेरफार करायचा राहून गेला असल्यामुळे ती सातबारावर आलीच नव्हती. इसारातून तेवढी रक्कम थेट सोसायटीत भरली.

ई-कोर्टवर चौघांची नावं मराठी-इंग्रजी स्पेलिंगच्या सगळ्या तऱ्हांनी घालून पाहिली. महसुली अपिलं तिथे दिसत नाहीत, म्हणून प्रांत कार्यालयातही विचारलं. तिथे काही निघालं नाही.

राहिली काकांची आत्या. वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना ६ क मध्ये, आजोबांचे वारस म्हणून एक मुलगा आणि एक मुलगी होती. त्यापुढच्याच फेरफारात मुलीचं नाव कमी झालेलं, आणि कारण : 'बहिणीने हक्क सोडल्याचा जबाब दिला'. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. स्थावर मालमत्तेतला हक्क असा तलाठ्यापुढे जबाब देऊन सुटत नाही. म्हणजे आत्यांचा हिस्सा जिथल्या तिथे होता. काकांना हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. "ती कशाला मागतेय?" ते म्हणाले. मी म्हटलं, मागत नसतील तर सही करतील, मागत असतील तर त्यांचं त्यांना मिळेल.

आत्या ऐंशीच्या पुढच्या, नातवाबरोबर आल्या. जबाबावरचा अंगठा दाखवल्यावर म्हणाल्या, "मला सही येत होती तेव्हाही." एवढंच. हक्कसोडपत्र त्यांनी केलं नाही. खरेदीखतात त्या लिहून देणार म्हणून उभ्या राहिल्या आणि आपल्या हिश्श्याचा धनादेश आपल्या नावाने घेतला. काका दोन दिवस घुम्यासारखे होते, मग बोलायला लागले.

जाहीर नोटीस जिल्ह्याच्या दैनिकात दिली आणि तिची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावली. या गावात पेपर दुपारी येतो आणि तोही मोजक्या घरांत. हरकत आली नाही. खरेदीखत नोंदल्यावर फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवसांची मुदत गेली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. नवा सातबारा पंधरा रुपये भरून काढला तेव्हा इतर हक्काचा रकाना आधी पाहिला आणि नाव नंतर. मोजणीचा अर्ज भरलेला आहे, कारण उत्तरेकडचा बांध जागेवर आणि फाळणी नकाशात सारखा नाही.